सव्वीस दीड

मित्रांनो, मी एक जुनी रिम आहे. सायकलच्या चाकात टायर ज्या लोखंडी कड्यावर बसतो, ते कडं म्हणजे मी. टायर मिरवतो, घंटी बोलते, माझ्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. पण माझी ओळख माझ्या अंगावरच आहे. कारखान्यात लोखंडाची पट्टी वाकवून मला गोल केलं आणि ठोकून आकडे उमटवले: २६ × १½. सव्वीस दीड. खरं सांगू का? सव्वीस इंच हे माप फुगलेल्या टायरसकट असतं. मी स्वतः जेमतेम तेवीस इंचांची. तरी ऐट सव्वीसचीच.

मी एका नर्सबाईंच्या सायकलचं पुढचं चाक झाले. बाई घरोघर जाऊन बाळंतिणींना तपासायच्या. हँडलच्या पिशवीत बाळाचं डोकं मोजायची कापडी टेप असायची. खड्डा आला की म्हणायच्या, "सांभाळ गं बाई." ते त्या मलाच म्हणत, असं मी धरून चाले.

पुढे बाई निवृत्त झाल्या, गुडघे कुरकुरू लागले. लोक म्हणाले, काठी घ्या. बाई म्हणाल्या, "काठी धरली की म्हातारी दिसते. सायकल धरली की वाटतं, आत्ताच उतरलेय." मग त्या सायकलच्या आधाराने बाजारात चालत जाऊ लागल्या. माझ्यावर बसत नव्हत्या, पण त्यांचा भार मला कळायचा. ते दिवस मला सगळ्यांत आवडतात.

एक दिवस टायर चिरला. सायकल फरफटू लागली आणि बाईंचं बाहेर जाणं थांबलं. त्या खिडकीशी बसून राहत. मी जिन्याखाली गंजत होते. माझे आकडेही गंजाखाली गेले.

मग परगावाहून त्यांची लेक आली. ती शाळेत गणित शिकवते. तिने रॉकेलच्या बोळ्याने मला घासलं, आकडे वाचले आणि दुकानातून टायर आणला. त्यावर होतं २६ × १.५. दीड म्हणजे एक पूर्णांक पाच दशांशच की! दुपारभर ती झटली, पण टायर माझ्या काठावर चढेचना. तिची नखं तुटली.

"आई, चाकच वाकडं झालंय," ती वैतागून म्हणाली. "भंगारात देऊ हे. आणि आता काठी घेच तू."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाई माझ्यावरून हात फिरवत राहिल्या.

"वाकडं नाहीये गं. झबलं बसलं नाही म्हणून बाळाला नावं ठेवतात का? माप घेऊ."

पिशवीतली ती जुनी टेप निघाली. टायरची कड जिथे बसते तिथे बाईंनी ती गुंडाळली. टेप अपुरी पडली, म्हणून खडूने खूण करून पुढचं मोजलं. लेकीने परिघावरून व्यास काढला: पाचशे चौऱ्याऐंशी मिलिमीटर.

तो आकडा घेऊन ती पुन्हा दुकानात गेली. दुकानदाराने आधीच्या टायरवरचे बारीक आकडे दाखवले. तिथे ५५९ होतं.

"अपूर्णांकातला दीड आणि दशांशातला दीड, दोन टायर वेगळे असतात ताई," तो ओशाळून म्हणाला. "मीच न बघता दिला."

"आणि मी वर्षानुवर्षं पोरांना दोन्ही सारखेच म्हणून शिकवतेय," लेक हसत म्हणाली. ५८४ लिहिलेला टायर त्याने माळ्यावरून शोधून काढला. तो माझ्यावर असा बसला की मला रडूच आलं असतं, पण पुन्हा गंज चढायचा.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू हट्टीपणा करते असं वाटलं, तर टाकायच्या आधी तिला एकदा पुसा. अंगावर काय लिहिलंय ते नीट वाचा. वाचून कळलं नाही, तर माप घ्या. तेवढी माया आम्हाला पुरते.

त्या संध्याकाळी बाईंनी हँडल धरलं. लेक चपला शोधू लागली.

"तू कशाला येतेस?" बाई म्हणाल्या. "सायकल आहे ना बरोबर."

आणि आम्ही दोघी फाटकाबाहेर पडलो.