मेजरला कोण बसवतं

अंजनाच्या नवऱ्यानं कुत्र्याचं नाव मेजर ठेवलं होतं. "फौजेत मेजर मला उठवतो, बसवतो. घरात मी मेजरला बसवनार," असं म्हणून तो गडगडून हसायचा. रजेवर आला की पलूसजवळच्या मळ्यात, दाढेला तंबाखू धरून, कुत्र्याला फौजी हिंदीतनं शिकवायचा. 'बैठ', 'रुक', 'चल'. शब्द छातीतनं यायचा, आखूड. कुत्रं जागच्या जागी बसायचं.

एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. तार आली, पण मागनं अंगावरचा कपडासुद्धा आला नाही. सासूनं, राहीबाईनं, तार मानलीच नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली म्हातारी म्हणाली, "कागुद काय बी म्हनंल. मी डोळ्यानं बघितल्याबिगर न्हाई मानायची." अंजनाला तिनं कुंकू पुसू दिलं नाही. दोन वर्षं पोर तशीच, ना इकडची ना तिकडची.

मेजर तर कुणाचंच ऐकेना. भुईमुगात डुकरं शिरली तरी हा बांधावर बसून वाटेकडं बघत राही. सासरे आप्पासो वैतागले.

"जतचा सिद्धू मेंढरं घिऊन आला की देतो त्येला दिऊन. फुकट भाकरी खातंय."

अंजना मेजरच्या आडवी उभी राहिली. धन्याच्या हातचं असं घरात तेवढंच उरलं होतं.

"आवं मामा, मी शिकवते त्येला."

"तू? कोंबडी हुसकायला तोंड उघडत न्हाई तुजं!"

तिनं सगळं करून बघितलं. "बस रं." "बस की माज्या राजा." मेजरनं जांभई दिली. एका तिन्हीसांजेला मात्र तिचा संताप झाला आणि घशातनं आपसूक निघालं, "बैठ!"

आवाज तिचा नव्हता. त्याचा होता. मेजर धाडदिशी बसला. घरात पितळी पडली आणि राहीबाई चौकट चाचपत बाहेर आली. "आलास व्हय रं? येवडा येळ लावत्यात?"

'मी बोलले, आत्या,' असं सांगायला हवं होतं. अंजनानं नाही सांगितलं. त्या रात्री म्हातारी कितीतरी महिन्यांनी आख्खी भाकरी जेवली.

मग रोज दिवेलागणीला अंजना 'बैठ' म्हणायची आणि मगच म्हातारी घास घ्यायची. एका शब्दात एवढं पुण्य कुणाला मिळतं! आप्पासोंनी सिद्धूचं नाव काढणं सोडलं. तो आवाज आला की ते उगाच वैरण सारखी करत बसायचे. पण आवाज अंजनाच्या गळ्यात मुक्कामाला राहिला. शेजारणीला ताक मागताना तो निघाला, तर शेजारणीच्या हातातलं भांडंच हिंदकळलं.

आणि एका सांजेला ती हौदाशी पाणी पीत होती. मेजर एकाएकी बसला. कान ताठ, नजर तिच्या खांद्याच्या मागं. आतनं राहीबाई म्हणाली, "आज लवकर हाक दिली पोरानं."

अंजनाच्या तोंडात पाण्याचा घोट तसाच होता.

दुसऱ्या दिवसापासनं दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा हातात धरून ती मेजरला मळ्यात नेऊ लागली. तुकडा नाकावरनं मागं न्यायचा, कुत्रं टेकलं की म्हणायचं, "बस रं." आपल्याच बारीक आवाजात, पुन्हा पुन्हा. भुईमूग काढायला आला तोवर मेजर त्या आवाजाला बसायला लागला.

मग तिनं राहीबाईला अंगणात आणलं. "मेजर, बस रं." तो बसला.

"आत्या, ह्यो माजा आवाज हाय. पयला बी माजाच हुता." हौदाजवळच्या हाकेचं ती बोलली नाही.

म्हातारीनं हात पुढं करून मेजरची पाठ शोधली. "येकडाव म्हन की त्याच्यागत. परत न्हाई मागायची."

अंजनानं मेजरला उठवलं. छाती भरून घेतली. "बैठ."

बारीक, कापरा, तिचाच आवाज. मेजर शेपूट हलवत उभाच राहिला. राहीबाईनं कान देऊन वाट बघितली. मग पायरी चाचपत खाली बसली.

"गेला गं माजा," ती म्हणाली. तारेनंतर पहिल्यांदा.

अंजना तिला टेकून बसली. तार आली त्या दिवशी रडायचं राहिलं होतं, ते दोघी आता रडल्या.