लक्ष्मीची खिडकी

"चित्रातली फुली दाबायची नाही, ती खोटी. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातली बारीक फुली, ती खरी. आणि तीही सापडेना, तर डाव्या अंगठ्यानं ऑल्ट धरायचं आणि वरचं एफ चार दाबायचं. डोळ्यांनी शोधत बसू नकोस, हाताला सवय लागू दे."

हे ह्यांचं सांगणं. ह्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तरी पडद्यावर नको असलेली जाहिरात उघडली की माझा अंगठा अजून ते बटण शोधतो.

"आणि दाबताना डोळे मिटू नकोस," ते म्हणाले होते.

"मग नको ते दिसतं."

"काय दिसतं? जुगाराचं चाक फिरतंय नुसतं."

"तेच. चातुर्मास चालू आहे माझा."

ते हसले. "आपल्या बंगळूरला आडव्या गल्लीलाही क्रॉस म्हणतात आणि खिडकीच्या फुलीलाही क्रॉस. सातव्या क्रॉसवरून भाजी आणतेस ना चातुर्मासात? मग ह्या क्रॉसला काय भ्यायचं?"

हे एकोणीसशे नव्याण्णव सालचं. आमची केतकी न्यू जर्सीला होती, जुलैत तिला मुलगी झाली, आर्या. फोन करायचा तर घड्याळाकडे बघत करायचा, म्हणून जावयांनी इथल्या एका मित्राचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे पाठवून दिला. फोनच्या तारेतून आधी किरकिर, मग शीळ, मग पावसासारखी खरखर, आणि त्यातून लेकीचं पत्र यायचं. मी हात जोडूनच वाचायला बसायची.

हे, म्हणजे नंदकिशोर, एकतीस वर्षं सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये तपासनीस होते. केसाएवढा फरकही चालायचा नाही. निवृत्त झाल्यावर मंगळवार, बुधवार, शुक्रवार सकाळी पीण्याला, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कल्लाप्पांच्या वर्कशॉपमध्ये माल तपासायला जात. पण त्यांचा खरा जीव होता रविवारच्या वर्गात. मराठी मंडळातली नऊ मुलं सकाळी नऊला आमच्या पुढच्या खोलीत मराठी शिकायला येत. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत कन्नड अशी ती मुलं.

"काका, आज स्वल्पच लिहायला द्या ना!"

"कन्नडात थोड्याला स्वल्प म्हणतात, पण तो शब्द मूळ संस्कृतच आहे. एवढा चांगला शब्द वापरलास, त्याबद्दल दोन ओळी जास्त लिही."

मुलं ओरडायची, आणि दोन ओळी जास्त लिहायची.

श्रावणातला शेवटचा शुक्रवार होता. हे पीण्याला गेलेले. मी जिवतीची पूजा केली, आर्याच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकल्या, आणि केतकीचं काही आलंय का म्हणून ओल्या केसांनीच कॉम्प्युटरपुढे बसले. पत्र नव्हतं. त्याऐवजी एक खिडकी उघडली. कमळात उभी लक्ष्मी, हातातून मोहरा गळताहेत, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, लक्ष्मी तुमच्या घरी येऊ इच्छिते. होय? नाही?

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, एवढं इंग्रजी मला येतं. श्रावणातल्या शुक्रवारी, जिवतीच्या पूजेवरून उठलेल्या सवाष्णीनं दारात आलेल्या लक्ष्मीला 'नाही' म्हणायचं? मी 'होय' दाबलं. वर नमस्कारही केला. काहीतरी भरभर उतरलं आणि चित्र निघून गेलं. ह्यांना सांगायचं मनातही आलं नाही. देवाचं काय सांगायचं?

पुढच्या आठवड्यापासून खिडक्या यायला लागल्या. वजन कमी करा, फुकट सहल जिंका, चाक फिरवा. "कुठून येतात कोण जाणे," म्हणत ह्यांनी मला फुली आणि एफ चार शिकवलं. मी शिकले, पण दोन गोष्टींचा संबंध काही जोडला नाही.

गौरींच्या दिवशी हळदीकुंकवाला मंडळातल्या बायका आल्या. सुचेतावहिनी सगळ्यांत वडील. त्यांचा शब्द मंडळात चालायचा. त्यांची तीन नातवंडं ह्यांच्या वर्गात होती.

"कल्पनाअक्का, नातीचा फोटो आलाय म्हणे. दाखवा की!"

ह्यांनी हौसेनं कॉम्प्युटर लावला. तेव्हा फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचा. आधी जावळ आलं, मग कपाळ. बायका म्हणाल्या, "कपाळ केतकीचं!" मग भुवया. आणि नेमकी तेव्हा वर दुसरी खिडकी उघडली. त्यात काय होतं ते मी लिहीत नाही. ह्यांनी झटकन एफ चार दाबलं, तर त्या जागी दोन उघडल्या. त्या दोन मिटल्या, तर चार. शेवटी त्यांनी पडद्याचंच बटण बंद केलं, आणि काळ्या काचेत आम्हा सगळ्यांचे चेहरे दिसायला लागले.

मग सुचेतावहिनी पदर सावरत म्हणाल्या, "आमचा तनय कॉम्प्युटरमधलाच. तो म्हणतो, बोलावल्याशिवाय येत नाहीत असल्या खिडक्या. घरातल्या कुणीतरी आधी 'होय' म्हटलेलं असतं."

आणि त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

'होय' हा शब्द माझ्या कानात पडला आणि कमळातली लक्ष्मी डोळ्यांपुढे उभी राहिली. मी बोलायला हवं होतं. मोठ्यानं बोलत नाही म्हणून माझं सगळीकडे कौतुक. त्या संध्याकाळी मात्र तो निव्वळ भित्रेपणा होता. मी डाळीच्या वाट्या भरत राहिले.

त्या रविवारी वर्गाला दोन मुलं आली. सुचेतावहिनींच्या घरचं कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी कुणीच आलं नाही. एकीच्या पोटात दुखत होतं, दोघांची परीक्षा होती, असे निरोप आले. मंडळाच्या बैठकीत एक जण ह्यांना म्हणाला, "काय नंदकिशोरराव, आम्हालाही दाखवा की नवं काय आलंय ते!" हे घरी आले ते पाणी न पिताच बसून राहिले. एकतीस वर्षांत ज्या माणसाकडे कुणी बोट दाखवलं नाही, तो आता नजर खाली घालून मंडईत जायला लागला.

"देऊन टाकू या का हा डबा?" मी म्हटलं.

"आणि केतकीचं पत्र? शिवाय बिघडलेलं यंत्र दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नसतं. दोष शोधायचा."

शनिवारी सकाळी जेवणाआधीच ते बसले. कारखान्यातला निळा अंगरखा घातला, शेजारी कोरा कागद घेतला. मी देवापाशी माळ घेऊन बसले, पण मणी पुढे सरकेनात.

"सापडला!" तासाभरानं ते म्हणाले. "यंत्र सुरू झालं की हा प्रोग्राम आपोआप जागा होतो. हा बसलाय आत आणि बाहेरून खिडक्या बोलावतोय. आपण इतके दिवस नुसता लोखंडाचा कीस झाडत होतो, तो पाडणारं यंत्र चालूच."

"मग पुसा ना."

"पुसला जात नाही. म्हणतो, मी कामात आहे." ते स्वतःशीच मान हलवत म्हणाले, "बरोबरच आहे त्याचं. चालत्या यंत्रात हात घालायचा नसतो."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि सुरू होताना एफ आठ दाबून धरलं. पडदा मोठ्या, ओबडधोबड अक्षरांचा झाला, चारी कोपऱ्यांत 'सेफ मोड' असं लिहिलेलं. त्या अर्धवट जागेपणी तो झोपलेला सापडला, आणि त्यांनी तो मुळासकट पुसला. पुन्हा सुरू केलं. अर्धा तास आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. एकही खिडकी आली नाही. मग फोटो उघडला. जावळ, कपाळ, भुवया, डोळे. हनुवटी येईपर्यंत मी श्वास घेतला नाही.

ते हात धुवायला गेले आणि मी तो कागद पाहिला. कारखान्यातल्या पत्रकासारख्या रेघा मारलेल्या. दोष: जाहिरातींच्या खिडक्या. कुठे: आरंभाच्या यादीत. केव्हा शिरला (प्रोग्रामवरच्या नोंदीप्रमाणे): शुक्रवार, तीन सप्टेंबर, सकाळी दहा चाळीस. उपाय: बंद करून मग काढणे. आणि मधे एक रकाना होता, कुणाच्या हातून. तो कोरा होता.

एकदा एका खराब झालेल्या सुट्या भागाच्या पत्रकावर ह्यांनी सख्ख्या मित्राचं नाव लिहिलं होतं. मित्र वर्षभर बोलला नाही. "रकाना कोरा ठेवला तर तपासनीस कशाला हवा?" असं तेव्हा ते मला म्हणाले होते.

शुक्रवारी दहा चाळीसला ते पीण्यात असतात. घरात दुसरं कोण असतं?

ते हात पुसत आले. मी म्हटलं, "अहो, तो रकाना भरा. माझं नाव घाला."

"राहू दे."

"लक्ष्मी होती. 'नाही' कसं म्हणायचं, म्हणून..."

मग एकदम हसू फुटलं त्यांना, कितीतरी दिवसांनी. "लक्ष्मी होती होय! मी आपला विचार करत होतो, ही कशाला 'होय' म्हणाली असेल."

"मी सुचेतावहिनींना सांगणार आहे. सगळ्यांनाच."

"नको. हसतील तुला. वेडगळ म्हणतील, जन्मभर चिडवतील. माझं काय, चार दिवसांत विसरतील लोक."

"विसरत नाहीत," मी म्हटलं.

संध्याकाळी दिवा लावताना मी पळीभर पाणी हातावर घेऊन संकल्प सोडला, की नऊ मुलांच्या घरी जाऊन झालं तसं सांगेन, आणि ते होईतो अन्न घेणार नाही. व्रतं मी आजवर लेकीसाठी केली, कुंकवासाठी केली. खरं बोलण्यासाठी व्रत घ्यावं लागलं ते ह्याच एका वेळी.

रविवारी सकाळी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती. ती ह्यांनीच अंथरली होती. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. फळ्यावर त्यांनी आपल्या टाकानं लिहिल्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं: बाळ, वेळ, ओळ, जवळ. नऊ वाजून गेले. सव्वानऊ झाले. ते खुर्चीत ताठ बसले होते, हातात खडू, दाराकडे न बघता.

मी देवापुढची हळद कपाळाला लावली आणि चपला पायात घातल्या.

"येते," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. कुठे म्हणून विचारलं नाही.

फाटक मागे ओढून घेतलं आणि मी सुचेतावहिनींच्या घराकडे चालायला लागले.