कोळशाची रेघ

धानाच्या रोवणीला बाया घेऊन जाणारी मेटाडोर उलटली, तेव्हा सौंदडच्या शामकलाचा उजवा खांदा मोडला. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरने बजावलं होतं की रोज भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, टाळाटाळ केली तर खांदा जन्माचा जाम होईल. तिने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची रेघ ओढली. जिथवर बोटं चढायची तिथे रेघ. डोळ्यांतून पाणी यायचं, पण रेघ वर सरकत होती.

दवाखान्यात नवरा नंदलाल तिला घासघास भरवायचा. नवरा असावा तर असा, असं बाया म्हणायच्या.

मग दुर्गाप्रसाद उगवला. अपघाताच्या केसेस हुंगत फिरणारा दलाल. फुकटचा चहा ढोसून त्याने सांगितलं की गोंदियाला मोठ्या दवाखान्यात डॉक्टर हात तपासतील, हात जितका निकामी तितकी भरपाई जास्त. तोवर व्यायाम बंद. अजून किती जाम व्हायला पाहिजे, असं नंदलालने विचारलं, आढीतल्या आंब्याची चौकशी करावी तसं.

दुसऱ्या दिवशी रेघ गायब होती. ज्याने जन्मात पोतेरं हातात धरलं नव्हतं, त्याने भिंत लख्ख पुसली होती.

"काऊन पुसली?"

"आपल्याच भल्यासाठी. दुसरा हात हाये ना तुले."

शामकलाला त्याची किळस आली. त्याने भरवलेले ते घाससुद्धा आता तिच्या घशाशी आले. गुरांच्या कोठ्यात शिरून, शेणाच्या वासात, तिथल्या भिंतीवर ती बोटं चढवू लागली.

तपासणीच्या दिवशी नंदलालने स्वतःच तिचा हात झोळीत बांधला. डॉक्टरांनी हात किती वर जातो विचारलं, तर हाच आधी बोलला, की जातच नाही साहेब.

शामकलाने झोळी सोडली. भिंतीशी गेली आणि बोटं चढवू लागली. खांदा आतून करकरला, तिने दात आवळले. बोटं डोक्याच्या वर गेली आणि थांबली.

"इतकाच जाते, साहेब. इतकाच लिहा."

नंदलालचा चेहरा उतरला. केस मातीत घातली, असं तो दातओठ खात पुटपुटला. शामकलाने हात सावकाश खाली घेतला आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणाली,

"भरपाई पायजे असन तर तुमचा एक जाम करा. दुसरा हाये ना तुमाले."