पूजेत बसलेली हॉकी स्टिक

मित्रांनो, देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर हळदीकुंकवाने माखलेले एक वाकडे लाकूड दिसले, तर कृपा करून हात जोडू नका. मी देवबीव नाही, एक जुनी हॉकी स्टिक आहे. नमस्कार घेऊन घेऊन मला वीट आला आहे.

माझा जन्म जालंधरचा. तुतीचे लाकूड वाफेवर वाकवून कारागिराने मला घडवले. १९७७ साली आग्रा रोडवर ट्रक चालवणाऱ्या मल्हारीमामाने मला चांदवडजवळच्या एका खेड्यात आणले, आपल्या भाचीसाठी. तिचे नाव चांगुणा. शाळेत एका बाईंनी तिला हॉकीचे वेड लावले होते. कॉलेजच्या संघातून खेळायचे, एवढेच तिच्या मनात होते. पण तिला घातले त्या तालुक्याच्या कॉलेजात मुलींचा हॉकी संघच नव्हता. मग वर्षभर मी दाराचा अडसर झाले. तिच्या वडिलांना, सहादूअण्णांना, माझी जाडी फार पसंत पडली. "दांडकं लय मजबूत हाय," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दार लागले की चांगुणाही आत आणि मीही आत. जीव नुसता घुसमटायचा.

दुसऱ्या वर्षी तिने हट्टाने दाखला काढला आणि नाशिकच्या कॉलेजात नाव घातले. अण्णांनी अट घातली, "दसऱ्यापोहोतर संघात नाव लागलं तर ऱ्हाय. नाय तर माघारी यायचं. मग सोयरीक पाहू."

नाशकात वत्सलामावशीकडे राहून ती रोज मला तिथल्या गोल्फ क्लब मैदानावर सरावाला नेई. तेवढेच दिवस माझे सुखाचे. गुडघ्यापर्यंत धूळ, अंगभर ओरखडे, आणि मी खूश.

संघाची निवड नेमकी खंडेनवमीला ठरली. अष्टमीला देवीसमोर फुलोरा बांधतात, त्यासाठी आईने बोलावले म्हणून आम्ही आदल्या दिवशी गावी गेलो. सकाळच्या पहिल्या एसटीने परतायचे होते. पण चांगुणा उठायच्या आधीच तिच्या आईने, भागीबाईने, पूजा मांडली होती. खुरपी, विळे, नांगराचा फाळ आणि मधोमध मी.

"आई, ही कशाला ठेवली? आज निवड हाय माझी."

"तुझं हत्यार हाय ना ते? मग त्याची पूजा नको? आज हत्याराला हात लावायचा नाय. उद्या सोनं लुटलं की ने."

त्या घरात तोवर मला दांडके याशिवाय दुसरे नाव नव्हते. मी हरखले आणि लगेच घाबरले. चांगुणाने हात पुढे केला, आईच्या तोंडाकडे पाहिले आणि मागे घेतला. "मांडलेली पूजा मोडू नको," अण्णा दारातून म्हणाले. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. ती रिकाम्या हातांनी पळाली. तिच्या जन्माचा निकाल नाशकात लागत होता, आणि मी फुलांखाली दबून पडले होते.

दसऱ्याला ती आपट्याची पाने घेऊन परतली. कॉलेजमधली कोणाची तरी जुनी स्टिक मागून ती खेळली होती, आणि संघात तिचे नाव लागले होते. अण्णा म्हणाले, "शब्द म्हंजे शब्द. ऱ्हाय नाशकात." भागीबाईने मात्र लेकीच्या आधी माझी दृष्ट काढली. पूजा पावली, असे तिने ठरवून टाकले.

जाताना चांगुणा मला उचलू लागली, तर आई आडवी आली. "ज्यानं यश दिलं ते घराबाहेर काढायचं नसतं, बाई. तू दुसरी घे."

यश तिच्या पायांचे होते, हे चांगुणाला सांगता आले असते. पण आईने पहिल्यांदाच तिच्या खेळाला देवाजवळ जागा दिली होती. ते मोडणे तिच्याने झाले नाही. माझ्यावरून एकदा हात फिरवून ती गेली. मला तिचा राग आला. तरी ती जिंकावी असेही वाटत राहिले.

ती पदवी मिळेपर्यंत खेळली. आता, दहा वर्षांनी, एका शाळेत मुलींना हॉकी शिकवते. तिचे सामने मी सुट्टीतल्या गप्पांतून ऐकले. मी स्वतः एकही सामना खेळले नाही. मुठीची पट्टी धुराने कडक झाली आहे, वाकात भुंगा लागला आहे, आणि दर नवमीला नवे कुंकू चढते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाची बॅट, कोणाची बाजाची पेटी मायेने कापडात गुंडाळून ठेवलेली असेल. तिला बाहेर काढा, वापरा. झिजली तर झिजू द्या, मोडली तर सांधा. आम्हाला तीच खरी माया वाटते. आणि कधी या घरी आलात, तर भागीबाईची नजर चुकवून मला खुंटीवरून काढा. हळद पुष्कळ झाली. एकदा अंगाला माती लागू द्या.