शिक्क्याखालची ओळ

शिक्क्याची जांभळी शाई अंगठ्यावर राहिली होती, साबणाने गेली नव्हती, आणि साताऱ्याहून सांगलीकडे निघालेल्या एसटीत खिडकीशी बसलेला अतिशय – वडिलांनी ठेवलेलं नाव – तिच्याकडेच पाहत होता... तिरप्या उन्हात अंगठा मधूनच उजळायचा, मधूनच दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा.

शिक्का कंपनीचा. दवाखान्याच्या खाटा बनवणारी त्याची छोटी प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी म्हणजे वेगळा माणूस, असं विनोदिनीताई वकिलांनी समजावलं होतं – तिचं झेंगट तिच्या अंगावर, तुमचं माधवनगरचं घर बाजूला; फक्त सही संचालक म्हणून करा, शिक्का मारा, आणि स्वतःच्या नावानं कुणाला हमी लिहून देऊ नका. किती हलकं वाटलं होतं तेव्हा! वेगळा माणूस – न जेवणारा, न झोपणारा, न लाजणारा. खाट मोडली तर तो पुढे उभा राहील, आणि मी मागे, घरात, श्रद्धाजवळ.

आण्णांच्या पुढे कुणीच उभं नव्हतं. वडिलांच्या, रामगोंडाआण्णांच्या वर्कशॉपातली एक खाट मोडली, पेशंट पडला, आणि आण्णांनी मळा विकून भरपाई दिली. कारण मालासोबतच्या प्रत्येक चलनाखाली ते स्वतःच्या हातानं लिहायचे – काही झाल्यास मी स्वतः भरून देईन. मळ्यात चिंच होती... आई पुन्हा त्या रस्त्यानं गेली नाही. त्याला त्या ओळीचा संताप यायचा. वकील गाठला तो त्या संतापानंच.

आज दवाखान्यात चाळीस खाटांच्या कागदावर त्यानं सही केली, शिक्का मारला. स्टोअर सांभाळणारे धनाजी सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले, कागद लांब धरून म्हणाले, "आवं, ह्यो झाला कंपनीचा शिक्का. कंपनीला मी कुटं वळखतो? तुमी रामगोंडाआण्णांचं. त्यांच्यावानी खाली एक वळ लिवा की."

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलंसुद्धा... आणि हात तीच ओळ लिहून मोकळा झाला. अक्षर पाहिलं, तर आण्णांचं.

कऱ्हाड मागे पडलं. डोळा लागला असावा, कारण चिंच खिडकीबरोबर चालत होती, सावकाश, अजिबात न दमता – आणि खाली आण्णा बसलेले.

घरी दारातच श्रद्धानं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "शिक्का मारला ना?"

"मारला."

"सुटले बाई! आता घराला धक्का नाही," म्हणत ती चहा ठेवायला आत गेली.

तो उंबऱ्याबाहेरच थांबला. भिंती होत्या तशाच होत्या, पण हात लावायचा धीर होईना. भीती वाटत होती, खरीखुरी. सांगायला हवं होतं, आत्ताच... आणि त्या भीतीच्या तळाशी तो आण्णांवरचा राग शोधत होता – इतकी वर्षं हाताशी असलेला – आणि तो कुठेच सापडत नव्हता.

"येताय ना आत?" श्रद्धाचा आवाज आला.

त्यानं शाईचा अंगठा मुठीत घेतला.