बहिणीचे नवे केस

केसांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. बावीस वर्षं पार्लर चालवतेय. त्यामुळे इस्पितळातली नर्स माझ्या धाकट्या बहिणीला सूचना द्यायला लागली तेव्हा माझं डोकंच फिरलं. सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, चोळायचं नाही, सहा महिने रंग नाही, आणि मुख्य म्हणजे केस येतील तसे येऊ द्यायचे. मी मान डोलावली आणि सगळं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

केमो संपल्यावर दोन महिन्यांनी तिच्या डोक्यावर लव आली. राखाडी, मऊ, टाळूवर विरळ. पण ती काय हरखली! दिवसातून दहादा आरशापुढे जायची. पुढच्या महिन्यात ती पोस्टाच्या खिडकीवर पुन्हा रुजू होणार होती. डोक्याला रुमाल न बांधता तिथे बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

"ताई, चिमटीत धरता येतात बघ," ती म्हणाली.

मला ते बघवत नव्हतं. पार्लरवालीची बहीण, आणि डोकं उंदराने कुरतडल्यासारखं!

"एकदा मशीन फिरवू या," मी म्हटलं. "काढले की दाट येतात."

"नर्स नको म्हणाली होती ना?"

"नर्सने किती डोकी भादरलीत?"

ती हसली. "राहू दे गं. आत्ता कुठे आलेत."

ऐकेन तर ती मी कसली. रविवारी पार्लर बंद ठेवून तिला खुर्चीत बसवलं, खांद्यावर कापड टाकलं. दोन मिनिटांचं काम. लव इतकी हलकी, की फरशीवर पडली तरी झाडूला लागेना. ती डोळे घट्ट मिटून बसली होती.

"रुजू व्हायच्या आत येतील ना?"

"येतील म्हणजे काय! बघच तू," मी छातीठोकपणे सांगितलं.

बाराव्या दिवशी तपासणीचा रिपोर्ट आला. आजार यकृतात पोचला होता. पुन्हा केमो, आणि या वेळी झेपेल तोवर चालूच ठेवायची, असं डॉक्टर म्हणाले. झेपेल तोवर म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही कळलं. तरी मी मूर्खासारखं विचारलं, "आणि केस?"

"या औषधाने राहत नाहीत. आता परत येणं कठीण."

बाहेर बाकावर बसल्यावर तिने रुमाल सोडला. खुंटांवरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला.

"दाट कोणाला हवे होते, ताई?" ती म्हणाली. "मला नुसते हवे होते."

ती रागाने बोलली नाही. रागावली असती तर मी भांडले तरी असते.