नवसाबाईंना विश्वस्त करायचं ठरलं होतं

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मोहिनीने फोन करून सांगितलं होतं, "मावशी, उद्या चांगलं लुगडं नेसून या. तुमचं नाव जाहीर होणार आहे."

"कशाचं नाव?" नवसाबाईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं, पण पुन्हा ऐकायचं होतं.

"विश्वस्त म्हणून. संस्थेच्या मंडळावर. भाऊंनी कबूल केलंय."

भाऊ म्हणजे यादवराव शेवाळे. 'सह्यबीज ग्रामविकास प्रतिष्ठान' त्यांनी उभं केलं, पेठ तालुक्यातले पाडे पायी फिरून. लोक त्यांना मानत. मोहिनी पगार मूळची कळवणची. शिक्षण संपल्यावर ती याच संस्थेत आली आणि वर चढत चढत कार्यकारी संचालक झाली. भाऊ आता थकले होते, अध्यक्षपद सोडणार होते. नवा अध्यक्ष कोण याची मोहिनीला फारशी पर्वा नव्हती. तिचं एकच मागणं होतं. ज्यांच्या नावावर संस्था चालते त्यांतलं एक तरी माणूस मंडळावर हवं. करंजपाड्याचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, केंद्र नवसाबाई भोये यांनी चालवून दाखवलं होतं. पीठ, बिस्किटं, भगर, सगळं तिथे तयार व्हायचं आणि नाशिकच्या दुकानांत जायचं. भाऊ म्हणाले होते, "तुझं बरोबर आहे. नवसाबाईंना घेऊच."

गंगापूर रोडवरचं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत देणगीदार, कंपन्यांची माणसं. करंजपाड्याच्या बायका बसमधून उतरून आत आल्या तेव्हा दारातल्या मुलीने प्रत्येकीच्या हातात एकेक कापडी पिशवी दिली. पिशवीवर भाऊंचा फोटो होता. बायकांना मागे बसवलं. नवसाबाई रुंद लाल काठाचं लुगडं नेसल्या होत्या आणि मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या.

निवेदकाने नावं वाचली. अध्यक्ष रविराज शेवाळे, भाऊंचा मुलगा, बंगळूरची नोकरी सोडून आलेला. नवे विश्वस्त दोन. एक हॉटेलवाले, एक रविराजचे मित्र, सल्लागार कंपनीचे मालक. टाळ्या वाजल्या. मोहिनी पुढच्या नावाची वाट बघत राहिली. पुढचं नाव आलं ते असं.

"आणि आता करंजपाड्याच्या आपल्या माउली नवसाबाई भोये नव्या अध्यक्षांचं औक्षण करतील!"

कुणीतरी नवसाबाईंच्या हातात ताट दिलं. त्या मंचावर गेल्या. क्षणभर थांबल्या. मग त्यांनी रविराजला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. कॅमेरे चमकले. रविराज वाकून पाया पडला आणि सभागृह पुन्हा टाळ्यांनी दुमदुमलं.

 मोहिनी तडक मंचामागच्या खोलीत गेली. भाऊ चहा घेत होते.

"भाऊ, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता, नाही कुठे म्हणतोय? पण देणगीदारांचं म्हणणं पडलं की मंडळावर प्रोफेशनल माणसं हवीत. नवसाबाईंना आपण सल्लागार समितीवर घेऊ."

"कुठली सल्लागार समिती?"

"करू की एक."

"आणि त्यांना ताट धरायला बोलावलंत ते कोणाचं डोकं?"

"अगं, मान दिला तो! एवढ्या लोकांसमोर मंचावर बोलावलं." भाऊंनी कप खाली ठेवला. "आणि तू एवढी का तापतेस? तुझं पद तर जिथल्या तिथे आहे."

या वाक्याने तिचा उरलासुरला संयमही गेला. म्हणजे हा माणूस समजत होता की ती स्वतःच्या खुर्चीसाठी आली आहे. एवढी वर्षं त्यांच्या मागे डोंगर चढली, त्यातून त्यांना तिच्याबद्दल कळलं ते एवढंच.

तिने गाडी तिथेच सोडली आणि बायकांच्या बसमध्ये जाऊन बसली. येताना बायका गाणी म्हणत आल्या होत्या. आता पिशव्या पायाशी टाकून बसल्या होत्या. सावळघाट लागला तेव्हा मोहिनीला राहवेना.

"मावशी, तुम्ही का ओवाळलंत त्याला? ताट ठेवून खाली यायचं होतं!"

नवसाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "पोरगा समोर उभा व्हता. कपाळ पुढं केलं त्यानं. त्याचं काय चुकलं? दारात आलेल्याला आपुन ओवाळतो. म्हणून काय त्याला घर देऊन टाकतो का?"

"पण तुमचा अपमान झाला!"

"झाला." नवसाबाई वळल्या. त्यांचे डोळे लाल होते. "मला सांगती का? माझाच झाला ना? मग मला करू दे त्याचं काय करायचं ते."

मोहिनी आतून धुमसतच राहिली. तिला भाऊंचा राग होता, रविराजचा होता आणि खरं सांगायचं तर शांतपणे ओवाळणाऱ्या नवसाबाईंचाही होता.

पुढच्या महिन्यात रविराज करंजपाड्याला आला. वागायला सभ्य होता. चपला बाहेर काढल्या, सगळ्यांना हात जोडले, कोरा चहा आवडीने प्यायला. मग त्याने लॅपटॉप उघडून चित्रं दाखवली. केंद्राच्या भिंतींवर वारली नक्षी, अंगणात बाकडी, फुलझाडं.

"मशिनरी आपण दिंडोरीजवळच्या मोठ्या युनिटला हलवतोय," तो म्हणाला. "तिथे उत्पादन वाढेल. आणि इथे अनुभव केंद्र. शहरातली कुटुंबं शनिवार-रविवार येतील. तुम्ही पारंपरिक वेशात जात्यावर नागली दळून दाखवायची, ओव्या म्हणायच्या. लोकांना हे फार आवडतं. बसल्या जागी काम."

 मग कुसाबाई उठल्या. उजवा खांदा किंचित उतरलेली, उंच, सावळी बाई. आयुष्यभर दळून तो खांदा गेला होता. केंद्रात चक्की आली त्या दिवशी घरातलं जातं त्यांनी स्वतः गडगडवत नेऊन ओहोळात टाकलं होतं, हे सगळ्या पाड्याला माहीत होतं.

"साहेब, तू कधी दळलंस का?" कुसाबाईंनी विचारलं.

रविराज हसला. "नाही हो आजी."

"मंग तुला कसं कळंल? मशीन आली म्हणून मी वाचले. आता परत जात्यावर बसू? अन् ते पण पीठ पायजे म्हणून नाय, तर लोकांनी फोटू काढावा म्हणून?" त्यांचा आवाज चढला. "माझ्या सुनेला बसवू का नातीला? सांग, कोणाला बसवू?"

"आजी, सक्ती नाही कोणावर..."

"मंग मशीन कशाला नेतोस?"

रविराजने मदतीसाठी मोहिनीकडे पाहिलं. मोहिनी म्हणाली, "उत्तर द्या ना त्यांना. मलाही ऐकायचंय."

रविराज लॅपटॉप मिटून अंगणात आला. नवसाबाईंनी केंद्राला कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली आणि रविराजला आणखी चहा घेणार का म्हणून विचारलं.

दोन दिवसांनी मोहिनीला नाशिकच्या कार्यालयात बोलावणं आलं. रविराज, त्याचे सल्लागार मित्र आणि भाऊ बसले होते. त्यांचं म्हणणं होतं, मशिनरी संस्थेची आहे, बायकांनी ती अडवून ठेवली आहे, तेव्हा संस्थेतर्फे पोलिसांत तक्रार द्यायची. कार्यकारी संचालक म्हणून मोहिनीने पुढे व्हायचं.

"कोणाविरुद्ध?" मोहिनीने विचारलं.

"गटाविरुद्ध. नवसाबाई आणि..."

"ज्या बाईने तुम्हाला ओवाळलं तिच्याविरुद्ध?"

"मॅडम, भावनिक होऊ नका," सल्लागार म्हणाले.

मोहिनी भाऊंकडे वळली. "भाऊ, केंद्राच्या भिंतींना दगड कोणी वाहिले? तुम्ही होतात तिथे. डोक्यावर पाट्या घेऊन बायका चढ चढत होत्या आणि तुम्ही म्हणालात, ही संस्था माझी नाही, तुमची आहे. ऐकून रडल्या होत्या त्या. खोटं होतं का ते?"

भाऊंनी चष्मा काढून पुसायला घेतला. "त्या वेळी खरंच होतं, मोहिनी."

"म्हणजे खरं बोलायलाही मुदत असते तर!" तिचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. टाइप करणारी अंजली थांबली. "मी तक्रार देणार नाही. तुम्ही दिलीत तर पोलीस ठाण्यात मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. आणि आजपासून मी इथे काम करत नाही."

"विचार कर," भाऊ म्हणाले.

"तुम्ही केलात का?"

राजीनामा तिने तिथेच लिहून टाकला.  खाली येऊन ती रिक्षा स्टँडजवळ बराच वेळ उभी राहिली. कुठे जायचं ते सुचत नव्हतं.

तक्रारीची गरज पडलीच नाही. ट्रक येणार असं कळलं तशी मोहिनी पहाटेच्या एसटीने पेठला आणि तिथून जीपने करंजपाड्याला पोचली. तिने मनात सगळं ठरवलं होतं. बायका ट्रकपुढे बसतील, वर्तमानपत्रवाले येतील, रविराजला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पोचली तर केंद्राचं दार सताड उघडं. नवसाबाई हमालांना सांगत होत्या, "हळू घ्या रं, कडेला लागंल."

"मावशी! हे काय करताय?" मोहिनी ओरडलीच. "देऊन टाकताय? मी नोकरी सोडली तुमच्यासाठी!"

"मी सांगितलं व्हतं का सोडायला?"

मोहिनीला हे वर्मी लागलं.

नवसाबाई तिला बाजूला घेऊन गेल्या. "मशीन त्यांची हाय ताई. जागा माझ्या सासऱ्याची, भिंती आमच्या. ज्याचं त्यानं न्यावं. पोरींवर केस झाली तर नाशिकला तारखांना कोण जाईल? कामं बुडवून, लेकरं घेऊन? तू लढशील, मला माहिती. पण लढून तू घरी जाशील. आम्हाला इथंच राह्यचं."

ट्रक निघाला. चक्की गेली, भगरीचं यंत्र गेलं, बिस्किटांची भट्टी गेली. रिकाम्या खोलीत फरशीवर यंत्रांच्या पायांचे काळे डाग तेवढे राहिले. कुसाबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या आणि भाऊंच्या नावाने अशा शिव्या घातल्या की हमालही चपापले. त्यांना कोणी थांबवलं नाही.

आठवड्याने गटाची बैठक झाली. मोहिनी तयारी करून आली होती. बायकांची स्वतःची कंपनी काढायची, नवं नाव, नवी विक्री. तिने सगळं समजावलं. बायकांना पटलं. मग ती म्हणाली, "सुरुवातीला अध्यक्ष मी राहते. तुम्हाला सवय झाली की..."

 नवसाबाईंनी जमिनीकडे बघत म्हटलं, "आमचं ठरलंय ताई. निकिताला करायचं."

निकिता कुसाबाईंची सून, बारावी झालेली, तोंडाने फटकळ. ती मान खाली घालून बसली होती, पण नाही म्हणाली नाही.

"तिला काय येतं?" मोहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"नवसाबाईला काय येतं, असं कोणीतरी नाशकात म्हणालं असंलच की," कुसाबाई म्हणाल्या.

मोहिनी रागाने उठून बाहेर आली.  या बायकांसाठी तिने भाऊंशी भांडण घेतलं, नोकरी घालवली आणि आता यांनाही ती नको! मोहाच्या झाडाखाली ती येरझारा घालत राहिली. रविराज काय बोलला असता आणि आपण आता काय बोललो, हे शेजारी शेजारी ठेवून बघायला तिला वेळ लागला. बघितल्यावर राग गेला नाही. फक्त त्याचा थोडा भाग तिच्या स्वतःकडे वळला आणि तो सगळ्यात जास्त बोचला.

ती परत आत गेली. "निकिता, मला काय काम देतेस?"

निकिताने एकदा सासूकडे, एकदा नवसाबाईंकडे पाहिलं. "भट्टी शोधून आणा," ती म्हणाली. "जुनी चालंल. पण पैसे आमचे, पसंत मी करीन."

भट्टी मनमाडला मिळाली. स्टेशनजवळची इब्राहिमभाईंची बेकरी बंद होत होती. निकिताने भट्टीच्या आत डोकं घालून पाहिलं, दार दहा वेळा उघडलं-मिटलं आणि भाव पाडूनच सौदा केला. चक्की कळवणच्या एका गिरणीवाल्याकडून आली. भगर मात्र त्या वर्षी करता आली नाही. नागलीची बिस्किटं जुन्या नावाने विकता येत नव्हती, ते नाव संस्थेने ठेवून घेतलं होतं. मोहिनी दुकानादुकानांतून नवं नाव सांगत फिरली. अर्ध्यांनी घेतलं, अर्ध्यांनी नाही. एका दुकानदाराने फळीवरचं सह्यबीजचं पाकीट दाखवून म्हटलं, "हे तुमचंच ना?" तिला ते पाकीट फाडून टाकावंसं वाटलं. तिने तसं केलं नाही. "नाही," एवढंच म्हणाली.

अनुभव केंद्रासाठी संस्थेला दुसऱ्या पाड्यावर जागा मिळाली, पण जात्यावर बसायला बायका मिळेनात. उन्हाळ्यात एकदा भाऊंचा फोन आला.

"मोहिनी, तू त्यांच्याशी बोलून बघ ना. तुझं ऐकतात त्या."

"नाही ऐकत भाऊ," ती म्हणाली. "माझंही नाही ऐकत."

"मग तिथे करतेस काय तू?"

भट्टीपुढे इब्राहिमभाई घामाघूम उभे होते. आच कशी राखायची ते शिकवायला ते मनमाडहून आले होते. पहिला घाणा जळाला होता. निकिता त्यांच्याशी कडाकडा भांडत होती आणि नवसाबाई जळकी बिस्किटं एका सुपात काढत होत्या. मोहिनीने फोन बंद केला, बाह्या वर सारल्या आणि पुढचा ट्रे उचलला.